लायब्ररीवाल्यांनी शिकवायचं काय असतं? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला. थोडक्यात असा: आजची मुलं मोबाईल घेऊनच जन्माला आलीत, त्यांना शोधायला काय शिकवता, एआय संदर्भासकट उत्तर देतं, ग्रंथपालांनी पुस्तकं द्यावी-घ्यावी आणि ती ओरिएंटेशनची नाटकं बंद करावी. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे मला राग येणारच, पण यातला एक मुद्दा खरा आहे, त्यावर शेवटी येते.

"मुलांना शोधता येतं." रील शोधता येतं हो. एस.वाय.ची एक मुलगी पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगवर प्रोजेक्ट करत होती, दोन दिवस इंग्रजीत ‘पुणे प्लेग’ टाकून बसली आणि म्हणे मॅडम, जुनं काही मिळतच नाही. मिळेल कसं, तेव्हाचे इंग्रज ‘पूना’ लिहायचे, बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचा १८८५ चा खंडसुद्धा पूना नावानेच आहे. स्पेलिंग बदललं आणि तासाभरात तिच्याकडे वाचून संपणार नाही एवढं जमलं. हेच बॉम्बेचं, आणि उद्या कोणी छत्रपती संभाजीनगरचा इतिहास शोधायला बसला तर औरंगाबाद टाकल्याशिवाय त्याचं पान हलणार नाही. आपला विषय त्या काळातले लोक कुठल्या नावाने लिहायचे हे आधी विचारायचं, हे मोबाईल वापरून आपोआप येत नाही, कोणीतरी एकदा शेजारी बसून दाखवावं लागतं.

"एआय संदर्भ देतं." देतं की, नसलेलेही देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. ते तर शिकलेसवरलेले वकील. माझ्याकडे मुलं अशा पुस्तकाचं नाव घेऊन येतात जे कोणी लिहिलेलंच नाही, लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक तेवढं गायब, आणि मी आपली वेड्यासारखी कॅटलॉग धुंडाळतेय. आता मी आधी विचारते, हे नाव कुठून आणलंस?

"पुस्तकं द्या-घ्या." यावर फार बोलत नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्येच नियम लिहून ठेवला, वाचकाचा वेळ वाचवा. नुसतं काउंटरवर शिक्के मारून तो वेळ वाचतो का ते तुम्हीच सांगा. आणि सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शनला, म्हणजे संशोधनाच्या जर्नल्सची वर्गणी देशभरासाठी एकत्र भरायच्या योजनेला, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी ठेवलेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, १ जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना खुली. ती उघडायची कशी आणि त्यातून आपल्या कामाचं निवडायचं कसं, हे काय शिपाई सांगणार?

आता खरा मुद्दा. "ओरिएंटेशनने काही फरक पडत नाही." मान्य, शंभर टक्के मान्य! जुलैत दीडशे मुलं हॉलमध्ये कोंबायची, पन्नास स्लाइड, कॅटलॉग म्हणजे काय, दंड किती, मागची रांग झोपलेली. मी स्वतः सहा वर्षं हेच केलं, आणि डिसेंबरमध्ये तीच मुलं "मॅडम, रेफरन्स म्हणजे काय" विचारत यायची. पण जेवण बेचव झालं म्हणून कोणी चूल मोडत नाही. दोन वर्षांपूर्वी मी इतिहासाच्या सरांना म्हटलं, तुम्ही प्रोजेक्टचे विषय दिलेत की त्याच आठवड्यात मला वीस मिनिटं द्या, वर्गातच. स्लाइड नाही, प्रत्येकाने आपलाच विषय टाइप करायचा, जी साइट सापडली ती खालपर्यंत वाचत न बसता दुसरी टॅब उघडून ती कोणाची आहे ते आधी बघायचं (स्टॅनफर्डच्या अभ्यासात फॅक्टचेकर हेच करताना दिसले, आणि इतिहासाचे पीएचडीवाले मात्र चकचकीत साइटला भुलले), आणि शेवटी कुठे शोधलं, कुठे अडलं ते चार ओळीत लिहून द्यायचं. सरांनी त्या चार ओळींना पाच मार्क ठेवले. मार्क नसते तर निम्मी मुलं आलीच नसती, हे पण सांगून टाकते.

कॉमर्सचे सर अजून वीस मिनिटं द्यायला तयार नाहीत, पोर्शन राहतो म्हणतात. तो फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर त्यांनीच टाकला होता.