६१७४ हा पिन ठेवू नका

‘कोणतेही चार अंक घ्या, शेवटी ६१७४च येणार. का, ते विज्ञानालाही सांगता येत नाही. वेदांमधला हा ब्रह्मांडाचा अंक एटीएमचा पिन ठेवा, पैसा टिकतो.’ हा फॉरवर्ड फिरत फिरत आत्याच्या ग्रुपवर पोचला आणि ती खरंच पिन बदलायला निघाली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

‘कोणतेही चार अंक’ हे अर्धं खरं. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करायचे, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं, मान्य. पण ४४४४ घेतलंत तर पहिल्याच फेरीत शून्य. शिवाय पुढचं शून्य गाळायचं नाही, ही अट फॉरवर्डमध्ये नाहीच. २१११ − १११२ = ०९९९. इथे नुसतं ९९९ लिहिलंत की पुढे ९९९ − ९९९, खेळ खलास. ०९९९ धरलंत तर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारेही इथेच आपटतात: पूर्णांकात पुढचं शून्य गळतं आणि ६१७४ची वाट बघत लूप, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा भाग, कायमचा फिरत राहतो. संख्या स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून धरा आणि पुढे शून्यं भरून चार अंक करणारं झेडफिल(४) लावा.

‘विज्ञानाला सांगता येत नाही’ हे मात्र डोक्यात जातं. अहो, शाळेतलं बीजगणित पुरतं! उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा ० पासून फार तर पहिल्याएवढा. अशा जोड्या ५४. म्हणजे चारही अंक सारखे असलेल्या १० सोडून उरलेल्या ९,९९० पैकी कुठूनही निघा, एका वजाबाकीनंतर ५४च संख्या शिल्लक. वहीच्या पानावर तपासून होतात. ६१७४चे अंक लावले की ७६४१, फरक ६ आणि २, ५९९४ + १८० = ६१७४. स्वतःवरच परत येते, म्हणून गाडी तिथे थांबते.

ब्रह्मांडाचं म्हणाल, तर तीन अंकांना ४९५ येतं. पाच अंकांना एक मुक्कामच नाही: ५३९५५ वरून ५९९९४, तिथून परत ५३९५५. संख्या लिहिण्याचा पाया १०ऐवजी ५ घेतला, म्हणजे ० ते ४ एवढेच अंक वापरले, की चार अंकांना ३०३२. ब्रह्मांड दशमान पद्धतीत मोजतं, हे कुणी ठरवलं?

आणि वेद कसले? हा शोध देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा. ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या गणिताच्या नियतकालिकात १९५५ साली त्यांचा लेख आला, शीर्षकातच ६१७४ आहे. फॉरवर्डमध्ये त्यांचं नावही नाही.

राहिला पिन. १२३४ आणि जन्मसालानंतर चोर काय दाबून बघेल? हा मेसेज त्याच्याही ग्रुपवर आला असणार. ठेवला असेल तर आजच बदला.