शेवटी ती सुंदर झालीच पाहिजे का?

आज भाचीनं एक कादंबरी अर्ध्यात टाकली. का गं, विचारलं तर म्हणाली, "मावशी, शेवट आधीच वाचला. तिचे दात सरळ होतात, चष्मा जातो, मग सगळे तिच्याशी बोलायला लागतात. माझे दात काही सरळ होणार नाहीयेत." हे बोलताना तिचा हात तोंडावर होता.

मी एकदम गप्प झाले. तेराव्या वर्षी मीसुद्धा अशीच तोंडावर हात धरून हसायचे. वर्गाच्या फोटोत सगळ्या पोरी मस्त हसतायत आणि मी तोंड झाकून उभी. फोटोग्राफरनं दोनदा सांगितलं, हात खाली घे. नाही घेतला.

दुपारपासून डोकं तडकलंय. आधी दोनशे पानं त्या पोरीला स्वतःचा तिटकारा करायला लावायचं आणि मग शेवटी तिचं रूपच पालटून टाकायचं! म्हणजे तिला वाटत होतं ते खरंच होतं की. आरशात दिसणारी ती मुलगी नकोशीच होती, असंच लेखक सांगतोय ना?

१९०८ सालची ॲन आठवा, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मधली. 'गाजर' म्हणून चिडवणाऱ्या पोराच्या डोक्यात पाटी घालते. लाल केस काळे करायला जाते, ते हिरवे होतात, कापावे लागतात. किती खरं आहे हे! माझी अतिशय लाडकी आहे ती. पण पुढे तिचेही केस हळूहळू गडद होतातच. लेखिकेलाही मोह आवरला नाही.

टोनी मॉरिसननं तो आवरला. 'द ब्लूएस्ट आय', १९७०. काळ्या रंगाची छोटी पेकोला निळे डोळे मिळावेत म्हणून प्रार्थना करत राहते. शेवटी तिला वाटतं, मिळाले. तोवर तिचं मन पार मोडलेलं असतं. ते पुस्तक मी मिटलं तेव्हा माझा हात पुन्हा तोंडावर गेला होता, पण रडू दाबायला.

भाचीला आत्ता ते देणार नाही, तेवढं कळतं मला. आणि वाचणाऱ्याला गोड शेवट हवा असतो, हेही मान्य. मुलग्यांच्या गोष्टींतही उंचीचं, न फुटलेल्या मिशीचं दुखणं असतंच, तेही मान्य. पण गोड शेवट म्हणजे सरळ दातच का?

संध्याकाळी तिला तो फोटो काढून दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हात कधी काढलास मग?"

मला आठवेना. असा एखादा दिवस नव्हताच गं. कधीतरी कुणाशी तरी बोलता बोलता खाली आला असेल, माझं लक्षही नसेल.

असं घडणारी गोष्ट कुणी वाचली असेल, दात तसेच राहिलेली, तर खाली नाव लिहा. तिला वाचायला द्यायची आहे.