ग्रेट डान्स साँग्स आणि बारक्याची हळद

बारक्याच्या हळदीत जे काय झालं त्याला मी जबाबदार नाही, हे मी घरात आतापर्यंत चाळीस वेळा तरी सांगितलंय आणि चाळीसही वेळा काकूनं "व्हय बाबा, तुझं काय न्हाई, चूक आमचीच" म्हणत चहा असा काय आदळलाय की निम्मा बशीत. म्हणून आता एकदा लिहूनच टाकतो.

आधी माझा रोग सांगतो. मला प्रोग्रेसिव्ह रॉक आवडतं. म्हणजे पिंक फ्लॉइड, जेनेसिस, येस, किंग क्रिम्सन, जेथ्रो टल वगैरे मंडळी, एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं, मध्येच ताल बदलणार, मध्येच सगळं थांबून नुसती बासरी, आणि गाणारा तोंड उघडेपर्यंत तुमची आमटी उकळून गार झालेली. कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत हा रोग असलेला मी एकटाच, निदान मला तरी दुसरा भेटला नाही, आणि एकट्यालाच रोग असला की तो दुसऱ्याला लावायची लई खाज असते. बायकोला लावायचा प्रयत्न लग्नानंतर पहिल्या महिन्यात करून झाला, ती चौथ्या मिनिटाला "गाणं चालू झालं की हाक मारा, मी जातो आत" म्हणून जी गेली ती गेलीच.

तर माझा आणि माझ्या कॉलेजच्या एका मित्राचा वीस वर्षं एकच वाद चालू आहे, रंकाळ्यावर, चौपाटीच्या कठड्यावर बसून. नवीन माणसाला गळाला लावायचं तर आधी ग्रेटेस्ट हिट्स ऐकवायचं का थेट अख्खा अल्बम? मित्र म्हणतो हिट्स. आधी गोडी लागू दे, मग तो स्वतःच खोलात उतरंल. मी म्हणतो काय उपयोग नाही, शाहू स्टेडियमवरच्या मॅचचे नुसते गोल मोबाईलवर बघून कोण पाटाकडीलचा, म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमचा, झालाय का? तिथं पायऱ्यांवर उन्हात बसावं लागतं, अर्धा अर्धा तास काहीही होत नाही ते बघावं लागतं, शेजारच्याच्या शिव्या ऐकाव्या लागतात, तेव्हा कुठं माणूस सपोर्टर होतो. यावर मित्र म्हणतो, "खुळ्या, पेठेत जन्मलेला जन्मतःच पाटाकडीलचा असतोय, त्याला मॅच कशाला लागतीया?" हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

मित्राचा मेव्हणा मात्र माझ्या बाजूचा पुरावा आहे. त्यानं जेनेसिसचं 1999 चं हिट्स कलेक्शन ऐकलं, बरंचसं फिल कॉलिन्स गायचा त्या काळातलं, गुणगुणण्यासारखं, खूश झाला, आणि त्याच खुशीत बँडचा 1972 चा 'फॉक्सट्रॉट' लावला. त्यात 'सपर्स रेडी' नावाचं एकच प्रकरण 23 मिनिटांचं आहे, गाणारा वेगळाच, पीटर गॅब्रिएल, जो स्टेजवर कधी कोल्ह्याचं मुंडकं घालून यायचा तर कधी फुलाचं. मेव्हण्याला वाटलं आत चुकीची सीडी घातली. परत जेनेसिसचं नाव काढलं नाही त्यानं. सँपल एका ताग्याचं आणि कापड दुसऱ्या, असं झालं ते.

आता एक गोष्ट आहे जी मी मित्राला वीस वर्षांत सांगितलेली नाही आणि तुम्हीही सांगू नका. मला स्वतःला हा रोग कलेक्शनमुळंच लागलाय. 2001 साली पिंक फ्लॉइडचं 'एकोज' आलं, दोन सीड्या, 26 गाणी, ते पुण्याच्या मावसभावानं मला दिलं आणि मी ते वर्षभर रोज ऐकलं. झालं काय, की त्यात गाणी सालाप्रमाणं लावलेली नाहीत, एकातून दुसरं निघेल अशी जोडून घेतलीत, 1979 चं 'हे यू' संपतंय तोवर 1994 चं 'मरून्ड' चालू. माझ्या डोक्यात तीच पिन बसली. आज 'द वॉल' अख्खा लावला आणि 'हे यू' संपलं की माझे कान आपसूक 'मरून्ड'ची वाट बघतात, आणि ते काय येत नाही, मग मला उगंच कुणीतरी मधला जिना काढून नेल्यासारखं वाटतं. ज्याच्यावरनं कलेक्शनला नाव दिलं ते 'एकोज' तर मूळ साडेतेवीस मिनिटांचं, कलेक्शनमध्ये त्यातली सात मिनिटं कापून टाकलेली. मी आधी कापलेलं ऐकलं. त्यामुळं पुढं जेव्हा पूर्ण ऐकलं तेव्हा मला वाटलं ह्यांनी मध्ये पाणी घातलंय!

असो. हळद.

बारक्या म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. हळदीच्या दिवशी दुपारी तो म्हणाला दादा, डॉल्बीवाल्याला पेन ड्राईव्ह पाहिजे, तेवढी हळदीची गाणी भरून दे. मी भरून दिली. इमानदारीत, साठ गाणी, सगळी नाचायची. पेन ड्राईव्ह माझाच होता आणि त्यात माझं स्वतःचं सामान आधीपासून होतं, ते मी काढलं नाही, कारण काढून ठेवणार कुठं. त्यात एक फोल्डर होता, 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्स'.

इथं जरा थांबतो, कारण सगळा घोळ या नावात आहे. हे पिंक फ्लॉइडचं 1981 चं कलेक्शन. गाणी सहा. नाचायला त्यातलं एकही उपयोगाचं नाही, आणि हे त्या बँडला चांगलं माहीत होतं, म्हणून तर खवचटपणानं हे नाव दिलं. कव्हरवर नाचणारं एक जोडपं आहे, आणि त्या दोघांना दोऱ्यांनी जमिनीला ताणून बांधलंय, तंबूला बांधतात तसं, म्हणजे हलताच येऊ नये. आता हा विनोद इंग्लंडातल्या माणसाला कळत असेल, रात्री साडेनऊला दोन हजार वॅटच्या भिंतीमागं उभ्या असलेल्या आमच्या डॉल्बीवाल्या पोराला कव्हर दिसत नाही, त्याला फोल्डरचं नाव दिसतं. त्यानं 'डान्स' वाचलं, 'ग्रेट' वाचलं आणि दाबलं.

पहिलं गाणं 'वन ऑफ दीज डेज'. याची सुरुवात नुसत्या वाऱ्यानं होते. घोंघावणारा वारा, बाकी काही नाही. गल्लीत शंभर-सव्वाशे माणूस, अंगाला हळद फासलेली, हात वर करून उभा, आणि डॉल्बीतनं वारा. पाच सेकंद, दहा सेकंद, वारा. पोरांचे हात हळूहळू खाली यायला लागले. डॉल्बीवाल्यानं ॲम्प्लिफायरला एक लाथ घातली. एक काकी म्हणाल्या, "पाऊस येतोय वाटतं, गाद्या आत घ्या गं," आणि खरंच दोघी-तिघी गच्चीकडं पळाल्या. मग तो बेस आला, दोन बेस गिटारी एकावर एक चढवलेल्या, डॉल्बीवर तो असा काय घुमला की समोरच्या दुकानाचं शटर वाजायला लागलं, आणि पोरं पेटली, नाचायला लागली, मला वाटलं झालं, जिंकलो, वीस वर्षांचा वाद आज मंगळवार पेठेत निकाली! आणि तेवढ्यात त्या गाण्यातलं एकमेव वाक्य येतं, खर्जातल्या, राक्षसासारख्या आवाजात, ज्याचा अर्थ साधारण असा, की एक दिवस मी तुझे बारीक बारीक तुकडे करणार आहे. बारक्याचा सासरकडचा एक भाऊ इंग्लिश मीडियमचा. त्यानं ते बरोबर ऐकलं आणि तिथंच सगळ्यांना मोठ्यानं मराठीत सांगितलं.

शांतता. मग आमचे मटणवाले मामा म्हणाले, "कोण हाय त्यो? कापायचं काम आमचं हाय."

मी भिंतीमागं पोचेपर्यंत दुसरं गाणं लागलं होतं. 'मनी'. याची सुरुवात गल्ल्याच्या आणि चिल्लरच्या आवाजानं, खळ्ळ, खण्ण, तर बारकी पोरं नवरदेवावरनं कुणी पैसे ओवाळले म्हणून खाली वाकून शोधायला लागली. आणि मग नाचणारे लागले धडपडायला, कारण हे गाणं सात मात्रांचं आहे. आमच्याकडं हलगी-घुमक्यावर वाढलेला पाय आहे, आठव्याला तो पडणारच, आणि आठवी मात्रा तर तिथं नाहीच! प्रत्येक आवर्तनाला सगळी गल्ली एक पाऊल हवेत ठेवून अडकायची, पुढच्याच्या टाचेवर पडायची, शिव्या द्यायची.

(या 'मनी'ची पण एक गंमत. मूळ गाणं 1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून'मधलं, अमेरिकेत त्याचे हक्क एका कंपनीकडं आणि हे कलेक्शन काढणारी कंपनी दुसरी, पहिली देईना. मग बँडच्याच डेव्हिड गिल्मरनं गाणं परत रेकॉर्ड केलं, गिटार तोच, बेस तोच, कीबोर्ड तोच, ड्रम तोच, गाणारा तोच, फक्त सॅक्सोफोनला डिक पॅरीला बोलावलं. म्हणजे आमच्या गल्लीला जे सात मात्रांत पाडलं ते एका माणसानं जवळपास एकट्यानं पाडलंय.)

तिसरं गाणं 'शीप'. त्याच्या सुरुवातीला मेंढरं ओरडतात. वरातीनंतरच्या जेवणासाठी आणलेलं बोकड मागं परड्यात बांधलेलं होतं. काका ओरडले "बोकाड सुटलं!" आणि चार माणसं परड्याकडं. यानंतर मी वायर उपटली. पुढचं काकूनं माझ्याविषयी जे काय बोललं ते लिहीत नाही.

पण या सगळ्यात एक माणूस नाचत नव्हता. आण्णा. आमच्याच गल्लीतले, चौऱ्याहत्तर वय, तबला वाजवायचे, आयुष्य देवल क्लबच्या मैफली ऐकण्यात गेलेलं. डॉल्बीच्या धाकानं कानात कापूस घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. मी वायर हातात घेऊन उभा, तर ते कापूस काढत आले आणि म्हणाले, "पोरा, ते चिल्लरवालं. रूपक ताल हाय."

मी बघतच राहिलो.

"तीन, दोन, दोन. सात. सॅक्सोफोनपत्तोर बरोबर धरलाय. आणि गिटार आली की सोडला! गेला केरव्यात! का सोडला?"

शंभर टक्के खरं होतं, गिटारचा सोलो साध्या चारच्या ठेक्यात आहे. हे मला इंटरनेटवर वाचून कळलं होतं, आण्णांना कापसातनं कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला आण्णा दारात. "ते पुरं ऐकव. तुकडे नकोत." मी 'डार्क साइड' लावला, 43 मिनिटं आण्णा हलले नाहीत, मध्ये फक्त गिटार आल्यावर "हितं परत सोडला" एवढंच. मग मी माझा आवडता वाद त्यांच्यापुढं टाकला, की आण्णा, तुकड्यांच्या कलेक्शननं नवीन माणूस लागतो का नाही? आण्णा म्हणाले हे आमच्या लोकांचं जुनं भांडण हाय. अल्लादिया खाँसाहेब, ज्यांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात आणलं, त्यांचा आवाज तबकडीवर नाहीच, ज्यानं समोर बसून ऐकलं त्यानं ऐकलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांच्या तबकड्या निघाल्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, तासाभराचा राग साडेतीन मिनिटांत. आणि त्यातली एक भैरवी, 'जात कहाँ हो', 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानात घालून अंतराळात पाठवली, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, जगभरचे संगीताचे 27 तुकडे.

"म्हणजे आण्णा, हिट्सचं कलेक्शनच की."

"व्हय की."

"मग? पन्नास वर्षं होत आली. एक तरी नवीन श्रोता लागला का?"

"पत्ता खोदलाय तबकडीच्या झाकणावर. येतील." मग जरा विचार करून म्हणाले, "आणि आले की पैला प्रश्न इचारतील, बाईंचं विलंबित कुठाय?"

तेव्हापासून आण्णा दर रविवारी येतात. जेथ्रो टलचा 1972 चा 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं हे सांगितल्यावर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही, "एकच बंदिश, बरोबर हाय, आणि काय पाहिजे." त्याच गाण्याचा बँडच्या 1976 च्या बेस्ट ऑफमधला तीन मिनिटांचा तुकडा ऐकवला तर म्हणाले, "नुसता मुखडा गाऊन उठला की ह्यो. बिदागी पुरी घेतली का?" बायकोनं आता रविवारी नऊ ते अकरा माहेरी जायचं ठरवलंय, माहेर राजारामपुरीत, त्यामुळं अंतराचा प्रश्न नाही.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला बघ, आण्णा कुणामुळं आले? कलेक्शनमुळं. मी म्हणालो आण्णांना पुरं पाहिजे होतं, कलेक्शन त्यांनी फेकून दिलं. तो म्हणाला पण आले कशामुळं. असं आम्ही रंकाळ्यावर रात्री अकरापर्यंत बसलो, शेवटी भेळवाल्यानं गाडा बंद केला.

आणि गेल्या महिन्यात बारक्याची बायको, नवी नवरी, मला जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, हळदीच्या व्हिडिओत ते वारं सुटलेलं गाणं हाय बघा, ते कुठलं हो? मला लई आवडलं."

माझं काळीज सुपाएवढं झालं. मी म्हणलं अगं, तुला अख्खा अल्बम देतो, 1971 चा 'मेडल', त्यातच ते साडेतेवीस मिनिटांचं पण आहे.

"न्हाई न्हाई, अख्खं नको," ती म्हणाली. "तेवढं वाऱ्याचंच द्या. रिंगटोनला."

दिलं कापून. मीच कापलं, तीस सेकंद. परवा सगळे जेवायला बसलो होतो, तिचा फोन वाजला, आणि काकू ताटावरनं उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.