गिरणीत फोडणी

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात रॉचडेल कालव्याकाठी १७९८ची मरे बंधूंची सूतगिरणी आहे. आम्ही राहतो ती गिरणी तिच्याच भावकीतली. ही घरं माणसांसाठी बांधलेलीच नाहीत, सुतासाठी बांधलीत. सूत दिसायला हवं म्हणून खिडक्या अवाढव्य, यंत्रं मावावीत म्हणून छत उंच. सूत गेलं, आम्ही आलो. थाट मात्र अजून त्याचाच.

खिडक्यांना एकेरी काच. थंडीत सकाळी त्यांवरून पाणी ओघळतं. बदलाव्यात तर वास्तू संरक्षित. विनापरवानगी हात लावणं फौजदारी गुन्हा. मग आतून दुसरी काच लावायची. मध्ये १०० मिलिमीटर जागा सोडली तर कालव्यावरच्या पबचा गोंगाटही कमी होतो. आतली चौकट घट्ट हवी, बाहेरच्या फटी मात्र बुजवायच्या नाहीत. उत्साहाच्या भरात त्याही बुजवल्या की पाणी दोन काचांच्या मध्ये धरतं, आणि तिथे हात जात नाही.

फळी ठोकायची तर भोक विटेत नको, दोन विटांमधल्या दरजेत पाडा. ड्रिलचा ठोका बंद ठेवून. दरज पुढे चुन्याने भरता येते. सिमेंटने भराल तर ओल अडते आणि विटांचे पापुद्रे सुटतात.

पण खरा घोर फोडणीचा. गिरणगावात मिरचीचा ठसका चाळीत उठायचा, गिरणीत नव्हे! इथे बाहेर भलंमोठं धुराडं, पण आमच्या चिमणीला भिंतीत भोक पाडायची मुभा नाही. ती धूर ओढते, कोळशाच्या जाळीतून गाळते आणि आपल्यालाच परत करते. जाळी चार-सहा महिन्यांनी बदलावी लागते. हिंगवाल्या घरात आधीच. उरलेला वास वर माळ्यावरच्या पलंगात मुक्कामाला. त्यात इंडक्शनला फोडणीची छोटी पळी दिसतच नाही, तळ रुंद लागतो. तेल तापलं की आच बंद करून मगच मिरची टाकायची, झाकण हातात तयार.

तरी भोंगा होतोच. पाहुणे छतातल्या पाण्याच्या तोट्यांकडे बघून ताटं उचलतात. उगाच! तोटीतली लाल कुपी फुटायला साधारण ६८ अंश उष्णता लागते. धुराचं तिला काही नाही. ओरडतो तो धूरसूचक, आणि त्याला गप्प करायचं बटण त्याच्याच पोटावर, चार मीटर उंचीवर. टॉवेल फडकवून तिथवर वारा पोचत नाही. हे बटण भिंतीवर, हाताच्या उंचीवर बसवून मिळतं. घर बघायला आलात तर विटांचं कौतुक नंतर, आधी ते कुठे आहे ते विचारा.