“मॅडम, केमिकलचा जमाना आहे” : तळघरांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

बाकीच्यांना संदर्भ लागेल. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ठाण्यातल्या जुन्या दगडी घराच्या तळघराला चुन्याचा गिलावा करावा, घोडबंदर रोडच्या नव्या बंगल्यात आधी काँक्रीटचे सांधे भरून घ्यावेत, बेलापूरच्या पारसिक हिलवर उताराच्या प्लॉटमधल्या अर्ध्या तळघरात खुशाल काम काढावं, आणि वाशी-सानपाड्याच्या सखल भागात रो-हाउसखालच्या तळघरावर खर्चच करू नये. त्यावर वाशीच्या या वाचकांचं म्हणणं असं : “मॅडम, आता केमिकलचा जमाना आहे. चुना आजोबांच्या काळात ठीक होता. माझ्या शेजाऱ्याने आतून कोटिंग मारून होम थिएटर केलंय, दोन पावसाळे थेंब नाही. पावसात खिडक्या बंद ठेवा म्हणता, मग कुबट वास येणार नाही तर काय? अमेरिकेत घरोघरी बेसमेंट असतं, तिथे पाऊस पडत नाही का? तुम्ही लोकांना उगाच घाबरवताय.”

अमेरिकेचं आधी संपवते, कारण ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथल्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेली माती फुगते आणि वरचं बांधकाम उचलते, म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावाच लागतो, तीन-चार फूट, कुठे त्याहून जास्त. एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणून अख्खा मजला पदरात पडतो, हा त्यांचा हिशेब. त्याच देशात फ्लोरिडात जा, तळघर क्वचितच दिसेल. जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं म्हणून. वाशीची तुलना करायचीच असेल तर शिकागोशी नको, फ्लोरिडाशी करा.

आणि तुम्ही तर वाशीतच राहता. नवी मुंबईचे काही नोड, म्हणजे उपनगरं, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, हे सिडकोने आखणी करतानाच गृहीत धरलं होतं. म्हणून तर डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीच्या वेळी खाडीकडच्या झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. आता उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर तुमच्या घराखालच्या मातीतलं पाणी कुठे जाणार? ते चढतं. गटारात दिसो न दिसो, मातीत चढतं.

हे चढलेलं पाणी नुसतं झिरपत नाही, ते ढकलतं. तळघराच्या फरशीपेक्षा बाहेरचं पाणी एक मीटर वर असेल, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून सुमारे एक टन दाब येतो. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास. म्हणजे हा दाब पेलायचा तर स्लॅब भिंतींशी सळईने नीट बांधलेला हवा आणि तेवढ्या ताकदीचा हवा. बऱ्याच जुन्या रो-हाउसमध्ये खाली असतो तो साधा, बिनसळईचा कोबा. तो मध्येच फुगतो, तडकतो, आणि मग मालक म्हणतो, “टाइल्स खराब निघाल्या.” टाइल्सचा त्यात काही दोष नसतो.

आता तुमच्या शेजाऱ्यांचं होम थिएटर. आतून मारायचं कोटिंग सगळं टाकाऊ असं मी कधीच म्हटलेलं नाही. बाहेरून खणता येत नसेल तर आतूनच काम करावं लागतं, मीही करते. पण त्यात दोन जाती आहेत. सिमेंटवर आधारलेलं क्रिस्टलाइन कोटिंग काँक्रीटच्या छिद्रांत शिरून तिथेच स्फटिक धरतं, त्यामुळे पाठीमागून येणारा दाब ते बऱ्यापैकी सोसतं. रंगासारखी नुसती वर बसणारी फिल्म मात्र पाणी मागून रेटायला लागलं की फुगे धरते आणि सोलून येते. शेजाऱ्यांनी कुठलं मारलंय ते विचारा. आणि समजा पहिल्या जातीचं आहे, टिकलंय. तरी पाणी भिंतीच्या पोटात आहेच, फक्त आतल्या तोंडाशी अडलंय. खाडीकाठचं पाणी खारं. त्यातले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की गंज धरतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटची कपची उडवते. याला दोन पावसाळे पुरत नाहीत, बरीच वर्षं लागतात. म्हणून “दोन पावसाळे थेंब नाही” हे ऐकून मला आनंद होतो, खात्री पटत नाही. त्यातून भिंतीवर थिएटरचं पॅनेलिंग आणि कार्पेट असेल, तर थेंब दिसणार तरी कुठून?

चुन्याची तुम्ही थट्टा केलीत, तिथे मात्र जरा थांबते.

टेंभी नाका, खारकर आळी, नौपाडा या भागांत उरलेली जुनी घरं काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. भिंत दीड-दोन फूट जाड, खाली ओल अडवणारा थर बहुधा नाहीच. अशा भिंतीत जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू हवेत उडून जाते. भिंत ओली असते आणि वाळतही असते. तिला जगवणारा समतोल तोच. आता कुणीतरी येतं, जुना गिलावा खरवडतं, सिमेंटचा कडक गिलावा मारतं, वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. वर्षभर भिंत आरशासारखी. ओलीचं काय झालं? तिला बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून ती आणखी वर चढली. जी ओल तळघरात कमरेएवढ्या उंचीवर थांबत होती ती तळमजल्यावर पोचली, आणि तिथे भिंतीत घुसलेली सागाच्या तुळईची टोकं कुजायला लागली.

अशी एक तुळई मी हाताने तपासली आहे. वरून पॉलिश ठणठणीत. भिंतीत शिरते तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला आणि ओला काळा भुसा बाहेर आला. त्याच भिंतीवर खाली सिमेंटचा गिलावा टकटक केल्यावर पोकळ वाजत होता, आणि पोपडा उचलला तर मागे मिठासारखा पांढरा थर, बोटाने पुसता येईल इतका. म्हणजे क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, गिलाव्याच्या मागे स्फटिक वाढवतात आणि त्याला भिंतीपासून सोडवतात. चुन्याचा गिलावाही कधीतरी हे क्षार खाऊन झडतो. झडू द्या. तो झडण्यासाठीच असतो, भिंत आणि तुळई वाचते. काही वर्षांनी पुन्हा करायचा. हा आजोबांचा हळवेपणा नाही, त्या भिंतीचा स्वभाव आहे.

नव्या काँक्रीटच्या तळघरात हे सगळं लागू नाही, आणि तिथे मी चुन्याचं नावही काढलेलं नाही. तिथे पाणी भिंतीतून कमी आणि सांध्यांतून जास्त येतं : तळाचा राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) आणि भिंत मिळते तो सांधा, ओतकामाचा साचा धरणाऱ्या टाय रॉडची भोकं, पाइप आरपार गेलेली जागा, कुठे हनीकोंब (काँक्रीट नीट न बसल्याने राहिलेली पोकळी) असेल तर ते. तिथे पीयू ग्राउटिंग (सांध्यात दाबाने पॉलियुरेथेन भरणं) करावं, कोपऱ्यात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, नीट मारून घ्यावा, मग बाकीचं. घर अजून बांधून व्हायचं असेल तर बाहेरच्या अंगाने मेंब्रेन (पाणी अडवणारा पडदा) किंवा शहाबादी फरशीची बॉक्स पद्धत (बाहेरून फरशीचं कवच) करून मगच माती भरावी. त्या एका टप्प्यावर वाचवलेला पैसा नंतर आतून कितीही कोटिंग मारलं तरी भरून निघत नाही.

खिडक्यांबद्दल तुमचं वाक्य फार लोकांच्या मनातलं आहे. हवा खेळती ठेवा, हे आपल्याकडे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने सांगितलेलं असतं, आणि वरच्या मजल्यांना ते बरोबरच आहे. तळघराची भिंत मात्र मातीला टेकलेली, म्हणून गार. जुलैत बाहेर 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू येतो सुमारे 27 अंशांवर. भिंत 26 ला असली की झालं, बाहेरून आलेली हवा तिच्यावर पाणी सोडते. एसी लावून तळघर आणखी गार केलं आणि दार उघडं ठेवलं तर विचारूच नका. म्हणून पावसाच्या दिवसांत खिडकी बंद आणि डीह्युमिडिफायर चालू. कोरड्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, सताड उघडा. कुबट वास बंद खिडकीने येत नाही, ओल्या भिंतीने येतो.

ओल जमिनीतून येतेय की हवेतून, हे ओळखायची एक फुकटची युक्ती आहे. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर ठेवा, चारी कडा टेपने घट्ट चिकटवा, नुसतं रात्रभर नाही, निदान सोळा तास तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झालं तर पाणी जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला जमले तर हवेतून. या दोन दुखण्यांचे इलाज एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. मी असं तळघर पाहिलंय जिथे नुसत्या दवाला घाबरून मालकांनी अख्ख्या भिंतींचं ग्राउटिंग करून घेतलं होतं.

पारसिक हिलच्या बाबतीत तुम्ही “तिथे श्रीमंत राहतात म्हणून हो म्हणता” असं लिहिलंत. अहो, तिथे उतार आहे. तळघराची एक बाजू उघडी, खाली मुरूम आणि खडक, पाणी साचत नाही, उतरून जातं. डोंगराच्या अंगाच्या भिंतीमागे पाणी वळवणारी चर आणि पाइप टाकला, वीपहोल (भिंतीतली पाणी बाहेर सोडणारी भोकं) मोकळी ठेवली की काम झालं. येऊरच्या पायथ्याशीही असं चढाचं काम असेल तर माझं उत्तर तेच राहील.

एक गोष्ट मात्र तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी सहज लिहून गेलात आणि मला तीच सगळ्यात धोक्याची वाटली : तळघराची उंची कमी आहे, म्हणून दोन फूट खोल करून घेणार आहात. कृपा करून करू नका. रो-हाउसची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. पायाच्या बुडाखाली खणलं की पाया उघडा पडतो. त्यात खाडीची चिकणमाती, खणताना पाणी उपसावं लागणार, आणि उपसलेल्या पाण्याबरोबर बारीक माती वाहून येते, तुमच्याच नव्हे, शेजारच्या घराखालचीही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि महापालिकेची परवानगी असल्याशिवाय तिथे कुदळ लावू नका, मग ठेकेदार काहीही म्हणो. परवानगीवरून आठवलं : 2020 सालच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तळघर कशासाठी वापरायचं ते ठरवून दिलंय. पार्किंग, सामान, यंत्रं वगैरे. झोपायची खोली त्यात बसत नाही.

राहिला तुमचा “नाही म्हणणं सोपं असतं” हा टोमणा. नाही म्हटलं की माझं काम जातं, साहेब. हो म्हटलं असतं तर बिल झालं असतं.

तरीही आहे त्या उंचीत, आहे त्या तळघरात काही करायचंच ठरवलं असेल, तर जिप्सम आणि साधा प्लाय आत नेऊ नका. भिंतीपासून दोन इंच सोडून धातूची फ्रेम आणि त्यावर सिमेंट फायबर बोर्ड लावा, खालची पट्टी काढता येईल अशी ठेवा म्हणजे मागे डोकावता येईल. प्लग पॉइंट कमरेच्या वर, डीबी (विजेच्या स्विचांची पेटी) वरच्या मजल्यावर, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. तळात एक खड्डा करून पंप बसवा आणि तो इन्व्हर्टरवर घ्या, कारण जोराच्या पावसातच लाइट जाते. ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर शहराचं पाणी तुमच्या फ्लोअर ट्रॅपमधून वर येईल. आणि सोफा असा घ्या की दोन माणसांना तो जिन्यावरून वर नेता यावा.

प्लास्टिकची चाचणी येत्या उधाणाच्या दिवसांत करा आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्याचा फोटो प्रतिक्रियेत टाका. शेजाऱ्यांनी कोटिंगच्या डब्यावरचं लेबल ठेवलं असेल तर त्याचाही. मग पुढचं बोलू.