थिबा राजाची आरामखुर्ची

रत्नागिरीत कुठलीही जुनी वस्तू विकायला निघाली की ती थिबा राजाची असते. तपेली, हंड्या, पलंग, घड्याळं. एकाने तर मला थिबाचा मिक्सर दाखवला होता. राजा 1916 मध्येच वारला, असं मी म्हटल्यावर तो जराही न डगमगता म्हणाला, "मग मागून घेतला असेल घरच्यांनी."

ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा पुरा व्हायला 1910 साल उजाडलं. चोवीस वर्षं परक्याच्या बंगल्यात. नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाला अशा राजाबद्दल कळवळा येतोच, आणि खुर्ची विकणाऱ्याने माझा तो कळवळा लांबूनच हेरला.

आरामखुर्ची होती. लांब हातांची, हातांखालच्या फळ्या पुढे ओढून वर पाय टाकायची. "बर्मा टीक," विकणारा म्हणाला आणि पाठीवर टकटक करून दाखवलं. "आवाज ऐका." मी ऐकला. लाकडाचा होता. बर्मा सागवान कसं वाजतं ते मला ठाऊक नव्हतं, पण मान मी जाणकारासारखी डोलावली, आणि जुन्या बाजारात मान डोलावण्याचे वेगळे पैसे पडतात. तो बाराशे म्हणाला, मी सहाशे, आठशेवर ठरलं. बैठकीचा वेत पार फाटलेला, मागचा एक पाय आखूड आणि अंगभर चॉकलेटी ऑइलपेंट.

"दीड हजारातले सातशे उरलेत. तेवढ्यात हिला नवी करतो, गणपतीच्या आत," मी बायकोला सांगितलं. कोकणात सगळ्या कामांना ही एकच तारीख असते. छपराची कौलं, घराचा रंग, पायवाटेचा चिरा, सगळं गणपतीच्या आत. महामार्गसुद्धा गणपतीच्या आतच व्हायचा असतो, फक्त कुठल्या गणपतीच्या ते सांगत नाहीत.

"दीड हजारात प्लॅस्टिकच्या दोन आल्या असत्या," बायको म्हणाली. "त्यावर बसतासुद्धा येतं."

ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि पडवीत घासायला बसलो. चॉकलेटी रंग गेल्यावर खाली पोपटी लागला. पोपटीखाली सरकारी दवाखान्याचा निळा. निळ्याखाली पांढरा, आणि त्याच्याखाली पुन्हा चॉकलेटी! कुण्या घरात दर गणपतीला भिंती रंगवून झाल्या की डब्यात उरलेला रंग हिच्यावर फासला जात असणार. त्या घराचे असे कितीतरी गणपती मी तीन रविवारांत घासून काढले. नखं गेली, दंड भरून आले, आणि शेजारचे सुतारकाका रोज येऊन कठड्यावर बसू लागले. फुकटात एवढी करमणूक पावसाळ्यात दुसरी कुठे मिळणार?

"गोल गोल काय घासतोस मेल्या? भांडी आहेत काय ती? रेषेरेषेने घे."

रेषा दिसायला आधी लाकूड दिसायला हवं. ते तिसऱ्या रविवारी दुपारी दिसलं. पिवळंधमक, हळदीत घोळल्यासारखं. बारीक भुसा उडून माझं बनियन पिवळं, भुवया पिवळ्या, पायरीवरचं मांजर पिवळं. काकांनी चिमूटभर भुसा उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "फणस."

"बर्मा टीक आहे असं म्हणाला तो."

"असेल. बर्मा नावाचा फणस असेल."

बायको हसली नाही. ती आत गेली आणि मग हसली. मला ऐकू यावं इतपत.

दोन दिवस मी त्या विकणाऱ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. मग कळलं की ब्रह्मदेशातले भिक्षू आपली चीवरं फणसाच्या लाकडाच्या ढलप्या उकळून रंगवत आलेत. म्हणजे माझ्या बनियनला चढलेला रंग थेट थिबाच्या मुलखातला होता. माणूस अगदीच खोटं बोलला नव्हता, त्याचा तपशील तेवढा चुकला होता. आणि फणस काही टाकाऊ नाही. मृदंग फणसाचा होतो, वीणा होते, आपल्याकडे दारं-तुळया होतात. मुख्य म्हणजे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आमच्या घरात वाळवीने आजोबांची पोथी खाल्ली आहे आणि सातबाऱ्याचा उताराही, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

आता पॉलिश. मी चपडा लाख आणली. लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर केलेला थर वितळवून पापडासारखा पसरला की चपडा होतो. तो मुरांब्याच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातला. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा केला.

"आत्ता नको," काका म्हणाले. "पावसात चपड्याला हात लावायचा नसतो. दसरा होऊ दे."

"गणपती दसऱ्याच्या आधी येतात, काका."

"ते गणपतीला सांग."

मी जुलैच्या ऐन मुसळधारेत तीन हात मारले. रात्री खुर्ची मधासारखी चमकत होती. बायकोनेही दोनदा येऊन बघितली. सकाळी उठलो तर खुर्ची दह्यातून काढल्यासारखी पांढरी. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतला ओलावा त्या गार पॉलिशवर बसतो आणि आतच कोंडला जातो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला माझ्या वाट्याचा सगळा त्या रात्री खुर्चीत शिरला होता.

काकांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. ते नुसते कठड्यावर बसले, आणि ते जास्त लागलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कोरडा दिवस बघ, आणि नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरव."

कोरडा दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला आणि साडेचार तास टिकला. अख्ख्या आळीने गोधड्या बाहेर काढल्या, मी खुर्ची. बोळा फिरला तशी पांढरी साय विरत गेली आणि खालून पिकल्या गऱ्याचा रंग वर आला. मी ओरडलोच. गोधड्यांआडून चार डोकी वर आली आणि काही विशेष नाही म्हणून पुन्हा खाली गेली.

आखूड पायाखाली रबराचा तुकडा ठोकला. राहिली बैठक. वेत विणणाऱ्याने सांगितलेला आकडा खुर्चीच्या किमतीहून मोठा होता आणि माझ्या खिशात एकशेचाळीस रुपये होते. म्हणून मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर गेलो. जून-जुलैच्या बंदीत वर काढलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटायची तिथे घाई चालली होती, पण एक म्हातारे चाचा एका बाजूला जाळ्याला ठिगळ लावत बसले होते. माझी खुर्चीची कथा त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, उरलीसुरली नायलॉनची दोरी दिली, सुई दिली आणि गाठ शिकवली. दोरी अशी आवळायची की पुन्हा मागे सरकता कामा नये.

"आस केवढा ठेवू?" मी विचारलं. आस म्हणजे जाळ्याचं भोक, हे मी नुकतंच शिकलो होतो.

"काय पकडायचंय?"

"माणूस बसवायचाय."

"मग मोठा ठेव."

पाच संध्याकाळी विणलं. दोरीला बांगड्याचा वास होता, तो मी दिसला नाही म्हणून सोडून दिला. मांजराने मात्र दखल घेतली.

चतुर्थीला डोंबिवलीचे काका आले. आल्या आल्या खुर्ची बघून म्हणाले, "वा! थिबाकालीन दिसतेय," आणि बसले. चहा झाला, आंबोळ्या झाल्या, काका उठले नाहीत. उठावंसं वाटू नये अशी खुर्ची मी केली, म्हणून मी सुखावलो. नायलॉन दमट हवेत पाणी धरतं आणि ताणलं जातं, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. काका हळूहळू खाली चालले होते. आरतीला सगळे उभे राहिले, तेव्हा काकांचे गुडघे कानांपाशी आले होते. ते तिथूनच टाळ्या वाजवत होते. "तब्येत बरी नाही वाटतं," म्हणत बायका हळहळल्या. शेवटी जागच्या जागी गिरकी घ्यायची वेळ आली, तेव्हा काकांनी भक्तिभावाने नुसती मान फिरवली. आरती संपल्यावर दोघांनी दोन दंड धरून ओढलं तर खुर्चीही बरोबर उठली. तिसऱ्याला खुर्ची धरून ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मोदक घेऊन मी मिरकरवाड्याला गेलो. चाचांना सगळं सांगितलं, आणि ही गाठ सोडवतात कशी ते विचारलं.

"सुटली तर ती गाठ कसली?" जाळ्यावरची नजर न काढता ते म्हणाले. मग सुई थांबली. "किती किलोचे होते?"