खाडा कापणाऱ्याला चाप कोण लावणार?

पाळीच्या रजेचा विषय निघाला की फेसबुकवर दोन तट ठरलेले. एक म्हणतो रजा द्या, दुसरा म्हणतो मग बायकांना नोकरी कोण देणार? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच शंका बोलून दाखवली आणि हा धोरणाचा प्रश्न म्हणून सरकारकडे टोलवला. शंका खोटी नाहीच. पण मालक बायकांना टाळणार असेल, तर त्याला आवरायचं सोडून बाईचीच रजा अडवायची, हा कुठला न्याय?

मी बीडची. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत त्याच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. एक दिवस बुडला की खाडा धरून मजुरी कापणार, वर दंड. मग पाळी असो, अंगावरून जात असो, पहाटे फडात जायचंच. रात्री-अपरात्री गाडी लागली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. राहायच्या कोपीजवळ ना संडास ना न्हाणी. पोटात दुखतं म्हणून दवाखाना गाठला की सल्ला एकच, गर्भपिशवी काढून टाका.

२०१९ मध्ये या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीसोबत अंडाशयंही गेली असतील तर ऐन तिशीत पाळी जाते. अंगाची लाही, झोपेचं खोबरं, ठिसूळ हाडं. आणि कोयता तसाच हातात.

ऑफिसातल्या बायकांचं वेगळं सांगायला नको. पाळी जायच्या वयात मीटिंगमध्ये घाम फुटला, एखादा शब्द आठवला नाही, की "मॅडमचं हल्ली लक्ष नसतं." हे अप्रेझलमध्ये अचूक उतरतं. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली असा त्रास दीर्घकाळ आणि गंभीर असेल तर तो अपंगत्वात मोडू शकतो, आणि मग कामात सोय करून देणं मालकावर बंधनकारक ठरतं. तिथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मालकांना हे स्पष्ट बजावलं.

आपल्याला हे अगदीच नवीन आहे का? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला कामावरून काढणं बेकायदा ठरवलंच होतं. पाळीला तेवढं संरक्षण द्यायला काय हरकत आहे? बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. कर्नाटकाने २०२५ मध्ये वर्षाला १२ दिवस मंजूर केले. छान झालं. पण नुसती रजा दिली की पुराव्याचा खेळ सुरू होतो. त्याच वर्षी रोहतकच्या विद्यापीठात सफाई कामगार बायकांकडे पाळीचा पुरावा म्हणून फोटो मागितल्याची तक्रार झाली!

म्हणून कायदा करायचाच तर आधी हे लिहा: पुरावा मागणं गुन्हा, पाळीच्या दिवसाचा खाडा कापणं गुन्हा. आणि जबाबदार कोण, तेही लिहा. नाहीतर कारखाना म्हणणार, बायका मुकादमाच्या, आणि मुकादम म्हणणार, मी तर नुसता टोळी आणतो.